आवाज नीट फाटला पाहिजे

कोल्हापुरात दुकानातून आणलेली वस्तू आहे तशी वापरणं जरा कमीपणाचं मानलं जातं. मोटारसायकल शोरूममधून निघते ती घरी ओवाळून घ्यायच्या आधी सायलेन्सर बदलायला जाते. पुढे कधीतरी पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडतात, त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, पेपरात फोटो येतो, आणि तो पेपर बोळात पोचायच्या आत मोटारसायकल नव्या आवाजात चौकातून गेलेली असते. ज्या चपलेने गावाचं नाव जगभर नेलं तिलाही आम्ही नुसती चप्पल म्हणून राहू दिलं नाही. जुनी गिऱ्हाइकं चामडं कुठलं, वेणी कशी, हे नंतर विचारायची. आधी विचारायची, "वाजती का?" कर्रकर्र वाजणारी चप्पल मुद्दाम करून घ्यायची आणि ती घालून अशा बेताने यायचं की माणूस गल्लीच्या तोंडाशी असताना घरात चहाचं आधण चढलं पाहिजे. पायाने दाबून आवाज काढायचं यंत्र कोल्हापूरला नवीन नाही, एवढाच याचा अर्थ.

त्यामुळे माझ्या भाच्याने गिटारचं ओव्हरड्राइव्ह पेडल मागवलं आणि खोकं टाकून द्यायच्या आधीच त्याच्या बुडाचे चार स्क्रू काढले, तेव्हा मला त्यात परकं काही वाटलं नाही. अक्काला वाटलं. "नवं आणलंय न्हवं? मग दुरुस्त काय करालायस?" भाचा म्हणाला, "दुरुस्त न्हाई गं, मॉड करालोय." अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बुलेटचा सायलेन्सर." तिला लगेच समजलं.

ज्यांच्या घरात गिटार वाजत नाही त्या सुखी वाचकांसाठी थोडं सांगतो. पेडल म्हणजे तळहातावर मावेल एवढी पत्र्याची डबी. वर फिरवायची तीन बटणं: ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. खाली पायाने दाबायचं एक. एका अंगाने गिटारची वायर आत येते, दुसऱ्या अंगाने अॅम्प्लिफायरकडे जाते. पोटात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ही डबी गिटारचा स्वच्छ आवाज आत घेते आणि फाडून बाहेर देते. एवढ्या एका कामासाठी माणसं हजारो रुपये मोजतात. काही जुन्या डब्यांना तर लाखाच्या वर किंमत येते.

फाटलेल्या आवाजाला पैसे पडतात हे जगाला उशिरा कळलं. त्याआधी तो फुकट मिळायचा, आणि मिळाला की लोक अॅम्प्लिफायर दुरुस्तीला न्यायचे. १९५८ साली अमेरिकेत लिंक रे नावाच्या वादकाने स्वच्छ आवाजाला कंटाळून आपल्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली आणि 'रंबल' नावाची धून वाजवली. त्या धुनेत शब्द एकही नाही, तरी पोरं बिघडतील म्हणून तिथल्या काही रेडिओ केंद्रांनी ती वाजवायचं बंद केलं. नुसत्या आवाजावर बंदी येणं हा मान फार थोड्यांना मिळतो. १९६४ साली इंग्लंडात किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने एका लहान अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापला, आणि त्या आवाजावर त्यांचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. आमच्याकडे पोराने स्पीकरला ब्लेड लावलं असतं तर गोष्ट रेकॉर्डिंगपर्यंत गेलीच नसती.

कापलेला स्पीकर मात्र पुन्हा साधा वाजत नाही. तेव्हा स्पीकर शाबूत ठेवून, हवा तेव्हा आणि हवा तेवढाच आवाज फाडायची सोय पाहिजे होती. फझ नावाच्या डब्या साठीच्या दशकातच निघाल्या होत्या, पण त्यांचं फाडणं फार आडदांड. जपान्यांनी ते मोजूनमापून करून दिलं. बॉस कंपनीचं ओडी-१ हे पिवळं पेडल १९७७ साली आलं. १९७९च्या सुमाराला आयबानेझच्या नावाने ट्यूब स्क्रीमर ही हिरवी डबी आली. तिचं सर्किट सुसुमु तामुरा या अभियंत्याचं. पुढे टेक्सासच्या स्टीव्ही रे व्हॉनने ती पायाखाली घेतली आणि पायात बूट असलेल्या प्रत्येक गिटारवाल्याला ती हवीशी झाली. आमच्या भाच्याकडे होती ती तिची चिनी नक्कल. रंग हिरवाच, सर्किट तेच, फक्त किंमत नकलेची.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"मामा, टोन न्हाई."

टोन म्हणजे काय हे राजारामपुरीतल्या कुठल्याही गिटारवाल्या पोराला विचारू नये; रात्र होते. आवाज वॉर्म पाहिजे पण मडी नको. फॅट पाहिजे पण टाइट पाहिजे. ट्रान्स्परंट पाहिजे, म्हणजे पेडल लावलंय हे कळता कामा नये, आणि त्याच दमात कॅरॅक्टरही पाहिजे, म्हणजे पेडल कुठलं ते कळलं पाहिजे. यातली एकही गोष्ट मोजपट्टीवर येत नसल्यामुळे वाद कधी मिटत नाही, आणि वाद मिटत नसल्यामुळे सोल्डरिंग गन कधी थंड होत नाही.

आतला प्रकार मात्र सरळ आहे. गिटारमधून येणारी वीज अगदी दुबळी. आठ पायांचा एक आयसी ती १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत वाढवते. किती ते ड्राइव्हच्या बटणावर. त्या आयसीच्या खांद्यावर दोन डायोड तोंडं उलटसुलट करून बसवलेले असतात. सिलिकॉनचा डायोड असेल तर ०.६ व्होल्टच्या वर डोकं काढणारी लहर तो दाबून टाकतो. डोकं कचकन तुटत नाही, गोलसर घासलं जातं. त्या घासण्यातून मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. कान त्यालाच फाटणं म्हणतो, आणि ते फाटणं गोड असेल तर टोन म्हणतो.

यात तामुरासाहेबांनी एक हुशारी करून ठेवली आहे. ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स यांच्या जोडीने ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी कमी फाटत जातो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, म्हणजे खर्जाला हे सर्किट जवळपास हात लावत नाही. कोल्हापूरचा माणूस काहीही समजावून सांगताना शेवटी मिसळीवर येतो, मीही येतो: फरसाण मऊ पडू नये म्हणून कट वेगळ्या वाटीत द्यावा, तसा हा बेत आहे. मधले स्वर कटात, खर्ज कोरडा. भाच्याची तक्रार नेमकी ही होती की खर्ज फारच कोरडा आहे. त्याला सगळं एकाच ताटात कालवून हवं होतं.

अशा वेळी बाहेरच्या जगात काय करतात हे त्याने आधीच पाठ केलं होतं. आयबानेझचं १९७९चं मॉडेल टीएस ८०८, आणि १९८२चं टीएस ९. पहिल्याच्या आवाजावर माणसं जीव टाकतात, दुसऱ्याला म्हणे ती सर नाही. दोन्हींत आवाजाला लागू असा फरक बाहेर पडायच्या दारातल्या दोन रेझिस्टन्सचा. एका जागी १०० ओहमच्या ऐवजी ४७०, दुसऱ्या जागी १० किलोओहमच्या ऐवजी १००. बास. हे दोन रेझिस्टन्स बदलून द्यायचा परदेशात रीतसर धंदा आहे. आमच्याकडे रेझिस्टन्स रुपयाच्या आत मिळतो, पण दुकानदार दोन नग द्यायला नाखूश असतो, म्हणून भाच्याने शंभर घेतले. उरलेले अठ्ठ्याण्णव अक्काच्या मसाल्याच्या डब्याशेजारी एका बरणीत आहेत, आणि एकदा ती बरणी ओवा समजून उघडलीही गेली आहे.

दुसरी श्रद्धा आयसीवर. जुन्या हिरव्या डबीत जेआरसी ४५५८डी हा आयसी होता. त्याच त्या छापाचा, जुन्या सालचा आयसी मिळावा म्हणून माणसं समुद्रापलीकडून पाकिटं मागवतात, आणि मागणी बघून पुरवठाही होतो: कुठलाही आयसी घासायचा आणि वर हवा तो छाप मारायचा. भाचा लॅमिंग्टन रोडला जाऊन खात्रीचा माल आणायच्या विचारात होता. मी म्हटलं, मुंबईच्या आधी पेठेतल्या मिस्त्रींना विचारू.

हे रेडिओवाले मिस्त्री म्हणजे आमच्या भागातला शेवटचा माणूस, ज्याने व्हॉल्वपासून सगळं हाताळलंय. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, दुकानाचं शटर निम्मं खाली आलं. आता ते पंख्यांचे कंडेन्सर बदलतात आणि गणपतीच्या आधी दोन महिने मंडळांच्या अॅम्प्लिफायरची दुखणी काढतात. पेडल त्यांच्यापुढे ठेवलं.

"काय त्रास हाय ह्याला?"

"त्रास न्हाई मिस्त्री. आवाज फाटतोय, पण पाहिजे तसा फाटत न्हाई."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यभर लोक त्यांच्याकडे 'आवाज फाटतोय, नीट करा' म्हणून येत राहिले. या एका वाक्यावर त्यांनी घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली. 'नीट फाडून द्या' म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक.

"मास्तर," ते मला म्हणाले, "शिवून दमलो, आता फाडायचं काम आलं म्हणायचं."

पण डबीत डोकं घातल्यावर माणूस रमला. ४५५८ बघितल्यावर तर हसायलाच लागला. "ह्यासाठी मुंबईला? थांब." त्यांनी पत्र्याचा एक डबा टेबलावर उपडा केला. आठ पायांचे किडे. आपल्याकडे जोडून बनवलेल्या बहुतेक अॅम्प्लिफायरमध्ये बास-ट्रेबलच्या बोर्डावर हाच ४५५८ बसलेला असतो. ज्या आयसीसाठी परदेशातले गिटारवाले झोप घालवतात तो कोल्हापुरात वर्षानुवर्षं आरती, लावणी आणि 'हरवलेल्या मुलाने स्टेजजवळ यावे' हे सगळं निमूटपणे वाढवत उभा आहे. त्याला कोणी टोन विचारला नाही. भाच्याने पाच-सहा वेगवेगळ्या छापांचे घेतले, सॉकेट बसवलं आणि आलटून पालटून लावून बघितले. मी शपथेवर सांगतो, मला एकाचाही फरक कळला नाही. त्याला कळला, पण कुठला लावलाय हे माहीत असतानाच कळला.

खरी मजा डायोडला आली. सिलिकॉनच्या जागी जर्मेनियमचा डायोड बसवला की लहर ०.३ व्होल्टच्या आसपासच दबायला लागते, तीही हळुवार, आणि आवाज म्हणे जुना होतो. भाच्याला १एन३४ए पाहिजे होता. मिस्त्री म्हणाले, "जर्मेनियम व्हय? ओए ७९ घे की. प्रत्येक ट्रान्झिस्टर रेडिओत एक असतोय, डिटेक्टरला." आकाशातून आलेल्या लहरीतून बोलणं वेगळं काढायचं काम रेडिओत हाच बारका काचेचा डायोड करतो. हे ऐकलं आणि भाच्याचे डोळे घराच्या दिशेने वळले. आमच्या माळ्यावर त्याच्या आजोबांचा ट्रान्झिस्टर होता.

अक्का कडाडली. "बाबांच्या रेडिओला हात लावायचा न्हाई!" रेडिओ कित्येक वर्षं मुका होता. त्यातल्या सेलच्या जागेत एका पालीने संसारही करून बघितला होता. पण घरातली वस्तू बंद पडली म्हणून तिचा मान कमी होत नाही, उलट वाढतो. शेवटी अक्काने अट घातली: "रेडिओ चालू करून द्या, मग काय न्यायचं ते न्या. मी काढून देतो खाली." अट वाजवी होती, फक्त तिच्यात एक गोम होती. रेडिओ चालू करायचा तर डायोड आत पाहिजे, आणि डायोड न्यायचा तर रेडिओ बंद पडणार.

मिस्त्रींनी यावर सरळ तोडगा काढला. त्यांच्या डब्यात दुसरे ओए ७९ होते. ते म्हणाले, ह्यातला एक पेडलला लाव, रेडिओ आहे तसा राहू दे. भाचा तयार होईना. त्याचं म्हणणं, डब्यातला डायोड म्हणजे नुसता डायोड. आजोबांच्या रेडिओतल्या डायोडमधून तीसेक वर्षं आकाशवाणी सांगली गेली आहे, त्यात काहीतरी मुरलेलं असणार. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेर रस्त्याकडे बघायला लागलो. शेवटी मिस्त्रींनी आजोबांचा डायोड काढला, त्याच्या जागी डब्यातला लावला. जर्मेनियमला ताप सोसत नाही म्हणून डाग देताना त्याचा पाय चिमट्यात धरला. त्या ओघात रेडिओचे दोन वाळलेले कंडेन्सरही बदलले. सेल घातल्यावर खरखरीतून सांगली केंद्र उगवलं. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली आणि बातम्या संपेपर्यंत हलली नाही. या सगळ्या उपद्व्यापातून घरातल्या ज्या यंत्राचा टोन निर्विवाद सुधारला ते यंत्र म्हणजे हा रेडिओ.

आजोबांचा एकच डायोड, आणि पेडलला लागतात दोन. म्हणून एका बाजूला जर्मेनियम आणि दुसऱ्या बाजूला मूळचा सिलिकॉन अशी विषम जोडी जमली. अशी जोडी लहरीच्या दोन बाजू सारख्या दाबत नाही, आणि त्यातून समसंख्येचे वरचे स्वरही येतात. बॉसच्या १९८१च्या एसडी-१ मध्ये एकीकडे दोन आणि दुसरीकडे एक डायोड लावून हेच साधलंय. म्हणजे आजोबांच्या तुटवड्यातून नातवाला विषम क्लिपिंग फुकट मिळालं. मिस्त्रींनी एक बारका खटकाही बसवून दिला: एकीकडे केला की मूळचे सिलिकॉन, मधे ठेवला की आजोबा, दुसरीकडे केला की दोन लाल एलईडी. एलईडी साधारण १.७ व्होल्टपर्यंत लहर दाबत नाहीत, आणि वाजवताना मिणमिणतात. पत्र्याच्या बंद डबीत मिणमिणणाऱ्या दिव्याचा काय उपयोग असं मी विचारलं, तर भाच्याने डबीला भोक पाडून दाखवलं. कोल्हापूरकराला असे प्रश्न विचारू नयेत.

मग चाचणी. पंच म्हणून अक्का, मी, शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मिस्त्री. या पोस्टमास्तरांविषयी एक सांगतो. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत त्यांच्या दारासमोर रात्रभर डॉल्बीच्या भिंती थडथडत जातात, घरातली भांडी फडताळातून उतरतात, आणि हे गृहस्थ खुर्ची टाकून मंडळांच्या देखाव्यांवर मतं देत बसतात. पण गिटारची पहिली तार छेडली की त्यांना २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आठवतात: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तेव्हा त्यांना पंच करून घेण्यात धोरण होतं.

निकाल झटकन लागला. सिलिकॉन बरा, आजोबा जरा मवाळ, एलईडी मात्र "लय भारी". पोस्टमास्तरांनीही एलईडीलाच मत दिलं. भाचा बाकीच्या दोन जोड्या काढून टाकायच्या बेतात होता, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "थांब. आवाज सारखा कर."

इथे मला त्या माणसाचा अधिकार कळला. डायोड जितक्या उशिरा दाबतो तितका आवाज मोठा बाहेर पडतो. जर्मेनियम ०.३ला दाबणार, एलईडी १.७ला. म्हणजे एलईडी लावला की आवाजच वाढतो, आणि कान वाढलेल्या आवाजाला चांगला आवाज समजतो. त्यात कानाचाही दोष नाही. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असताना खर्ज आणि अगदी वरचे स्वर कानाला कमी ऐकू येतात, मोठा केला की ते वर येतात. नुसता व्हॉल्यूम वाढवला तरी आवाज भरलेला वाटतो तो यामुळे. दुकानदार विकायचा स्पीकर थोडा मोठा का लावतो याचंही उत्तर हेच. आणि ज्या गावात डॉल्बीच्या उंचीवरून मंडळाची पत ठरते, त्या गावातल्या पंचांकडून यापेक्षा वेगळ्या निकालाची अपेक्षा कशी करायची?

मिस्त्रींनी मीटर लावून तिन्ही वेळा लेव्हलचं बटण फिरवलं, तिन्ही आवाज एका मापात आणले आणि भाच्याला खटका पाठीमागे लपवून बदलायला सांगितलं. आता मतं पांगली. पोस्टमास्तरांनी एकाच डायोडला एकदा उत्तम आणि एकदा कर्कश म्हटलं. मला आजोबांचा डायोड ओळखता आला असं वाटलं, पण तो सिलिकॉन होता. अक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मधी एकदा लागलंतं ते चांगलं होतं." मधे एकदा भाच्याने पाय दाबून पेडल बंद केलं होतं. भाच्याने पडतं घेतलं नाही. म्हणाला, "ट्रू बायपास हाय त्यो. त्योबी ह्या पेडलचाच गुण हाय."

मिस्त्रींना स्वतःला मात्र तिन्ही ओळखता आले. आयुष्यभर आवाज कुठे फाटतोय हे शोधणाऱ्या माणसाला तो कसा फाटतोय हे कळणार नाही तर कोणाला?

हे काम आपल्याकडे नवं नाही हे त्यांच्याकडे बघून पटलं. इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरज आहे. तिथे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्यांकडे वळले, आणि पुढे ती गल्लीच सतारमेकरांची झाली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तंबोऱ्याची जवारी काढतात ते बघावं. घोडीचा माथा कानशीने इतका अंदाजाने घासायचा की तार तिच्यावर नुसती टेकू नये, थरथरताना तिला चाटून जावी. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आला की तार उघडते आणि तिच्यातून वरच्या स्वरांची झाक निघायला लागते. तारेला थोडं खरडू द्यायचं, तेही नेमकं, आणि त्यातून मुळात नसलेलं श्रीमंत काहीतरी काढायचं. तामुरासाहेबांनी डायोडने केलं ते हेच. फरक असा की मिरजेचा कारागीर जवारी लावून झाली की गवयाकडे बघतो. गवयाने मान हलवली की कानस खाली ठेवतो. आमच्या गिटारवाल्यांत कारागीर, गवई आणि मान हलवणारा हे तिघेही एकच असतात, म्हणून कानस खाली ठेवली जात नाही.

आणि फाटलेल्या आवाजाचं म्हणाल तर त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोल्हापूरच्याच दरबारात गाऊन गेलंय. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिरेकी गाण्याने बसला. बराच काळ गेल्यावर परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. तेव्हा त्यांनी जुना आवाज परत मिळवायच्या मागे न लागता, आहे त्या आवाजाला साजेल अशी पेचदार गायकी बांधली. शाहू महाराजांनी कोल्हापूरला आणले ते हे नंतरचे खाँसाहेब. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत बसून अंतराळात गेली. हे मी भाच्याला एकदा सांगून बघितलं. तो म्हणाला, "मामा, म्हंजे त्यांनी गळा मॉड केला न्हाई, गाणं मॉड केलं." मला वाटतं त्याला पेडलपेक्षा जास्त काही कळलं असावं, पण त्याच संध्याकाळी तो नवे कंडेन्सर घेऊन आला, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

बाबूराव पेंटरांची गोष्ट तर त्याला मुखोद्गत आहे. कोणी हटकलं की तीच पुढे करतो. सिनेमाच्या वेडापायी या माणसाने विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८च्या सुमाराला कॅमेराच घरी तयार केला आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२०ला पडद्यावर आणला. भाच्याचा युक्तिवाद असा की बाबूराव कॅमेरा करू शकतात तर मी दोन डायोड बदलले तर काय बिघडलं? मी एवढंच म्हणतो की बाबूरावांनी कॅमेरा झाल्यावर चित्रपट काढला. पेडल झाल्यावर गाणं वाजवायचं असतं, दुसरं पेडल उघडायचं नसतं. आजपर्यंत आमच्या घरात पूर्ण वाजलेलं एकही गाणं मी ऐकलेलं नाही. जे ऐकू येतं ते पहिले दोन बार, मग "अजून जरा बास पाहिजे", मग स्क्रूड्रायव्हर.

एवढं सगळं बघून झाल्यावर माझं मत विचाराल तर सांगतो. ०.०४७चा कंडेन्सर काढून ०.१ मायक्रोफॅरडचा बसवा. खर्जाची सीमा ७२०वरून साडेतीनशेच्या आत येते आणि फरक बहिऱ्यालाही कळतो. चार-पाच रुपयांचं काम आहे. डायोड बदलायचा असेल तर बदला, गंमत आहे, पण तुलना करताना आवाज सारखा करून ऐका. बाहेरच्या दारातले दोन रेझिस्टन्स पुण्य म्हणून बदलायचे तर बदला. आयसीच्या छापासाठी मुंबईचं तिकीट काढू नका.

पेडल ९ व्होल्टवर चालतं, त्यामुळे हा नाद जेवायच्या टेबलावर करायला हरकत नाही. फार तर बोट पोळेल. पण त्या भरात अॅम्प्लिफायर उघडू नका, व्हॉल्वचा तर मुळीच नाही. प्लग काढून ठेवला तरी त्याच्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. तिथे मिस्त्रीच लागतो. आणि पेडलमधून काढलेले मूळ डायोड, कंडेन्सर, आयसी टाकून देऊ नका. पुडीत बांधून, वर नाव लिहून खोक्यात ठेवा. मॉड केलेल्या पेडलला जुन्या बाजारात बहुतेक वेळा न उघडलेल्यापेक्षा कमीच भाव येतो, आणि घ्यायला आलेला माणूस टोन ऐकायच्या आधी ओरिजनल पार्ट आहेत का हेच विचारतो.